तुझं नाव काढायला लावलं

शोकसभेतून मी अर्ध्यावर उठून आले. तुला ते आवडलं नसतं. "मेधे, बस खाली, माणसं बघतायत," असं दातांतल्या दातांत म्हणाला असतास. बघू देत. माणसांनी बघावं म्हणूनच उठले होते.

पुण्याच्या कंपनीचे साहेब बोलायला उभे राहीपर्यंत मी शांत होते, इकबाल. आपल्या पॉलिटेक्निकच्या सरांचं भाषण ऐकून घेतलं. तू किती हुशार, किती नम्र. मग साहेब माइकजवळ आले. म्हणाले, "आमच्या ग्राहकांच्या सुरक्षिततेसाठी इकबालने जी कडक शिस्त आखून दिली, ती आम्ही मोडणार नाही. आमच्या यंत्रणेतल्या त्या भागाला यापुढे इकबालचंच नाव असेल." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत. पहिल्या रांगेत तुझी अम्मी बसली होती. तिने ओढणी सावरली आणि साहेबांकडे बघून कपाळाशी हात नेऊन सलाम केला. तिला वाटलं, मुलाचा मान झाला. ते मला बघवलं नाही.

त्या सभागृहात तुझं काम काय होतं हे कोणालाच माहीत नव्हतं. कोणी विचारलं की तू "कॉम्प्युटरचं" एवढंच म्हणायचास आणि विषय बदलायचास. म्हणूनच साहेबांना काहीही बोलता आलं. तेव्हा आता मी सांगते. तुला सगळं माहीत आहे, तरी ऐक. मध्ये तोंड घालायला तू नाहीस.

एक मोठा कॉम्प्युटर असतो. त्याच्या पोटात सॉफ्टवेअरच्या जोरावर बरेच लटके कॉम्प्युटर उभे करतात आणि ते वेगवेगळ्या ग्राहकांना भाड्याने देतात. प्रत्येकाला वाटतं, अख्खं यंत्र आपलंच. या लटक्या कॉम्प्युटरला धंद्यात गेस्ट म्हणतात, आपण दोघं पाहुणा म्हणायचो. आणि खऱ्या यंत्राच्या प्रोसेसरमध्ये थोडे काउंटर असतात, रिक्षाच्या मीटरसारखे. किती आज्ञा पाळल्या, हाताशी ठेवलेली माहिती किती वेळा सापडली नाही, ती आणायला लांबच्या मेमरीपर्यंत किती वेळा जावं लागलं, हे ते मोजत असतात. प्रोग्रॅम कुठे रखडतोय ते शोधायचं तर हे आकडे लागतात. पण प्रोसेसर एकच आणि पाहुणे अनेक. कोणत्या पाहुण्याने कोणता आकडा बघायचा, हे कोणीतरी ठरवावं लागतं. ते तू ठरवायचास. पाहुणा आणि प्रोसेसर यांच्यामध्ये तू एक चाळण बसवली होतीस. एवढंच तुझं काम. आणि एवढ्यावरून तू पुण्याच्या कंपनीशी भांडलास.

अठ्ठ्याण्णव साली पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये आपण पहिल्यांदा एका स्क्रीनपुढे बसलो, कारण कॉम्प्युटर कमी होते आणि मुलं जास्त. तू राजिवड्यातून सायकल मारत यायचास. तुझे अब्बा जहाजावर इंजिनरूममध्ये होते, सुट्टीवर आले की तुला एकच गोष्ट सांगायचे: आधी काटा बघ, मग हात लाव. तू ते इतकं मनावर घेतलं होतंस की आमचा प्रोग्रॅम अडकला की आम्ही कीबोर्ड बडवायचो आणि तू मागे टेकून बघत बसायचास. मला तेव्हाही त्याचा राग यायचा. आणि तेव्हाही बहुतेक वेळा दोष तुलाच सापडायचा.

पुढे तू पुण्याला नोकरी केलीस, मी मुंबईला, आणि दोघंही कंटाळून परत आलो. साळवी स्टॉपला औषधांच्या दुकानावर खोली घेतली. लाइट जायची, इन्व्हर्टर कुईकुई करायचा, खाली रिक्षावाले भांडायचे. अम्मी डबा द्यायची दोघांचा, आणि त्यातले बोंबील मी संपवले म्हणून तू दुपारभर धुसफुसायचास. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली वर्षं होती. हे तुला कधी सांगितलं नाही, सांगायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

आणि तिथेच आपला वाद सुरू झाला. एका दुपारी तू मला एका पाहुण्यात बसवलंस आणि स्वतः शेजारच्या पाहुण्यात बसलास. "काहीही चालव. मला सांगू नको," म्हणालास. माझ्याकडे पाठ करून तू फक्त एक आकडा बघत होतास, सगळ्या पाहुण्यांच्या सामाईक कॅशचा, म्हणजे हाताशी ठेवलेल्या माहितीच्या साठ्याचा. आणि बोलत गेलास. आता मोठी फाइल उघडलीस. आता थांबलीस. आता तेच काम पुन्हा करतेयस. सगळं बरोबर.

"हे भिंतीला कान लावण्यासारखं आहे," तू म्हणालास. "म्हणून पाहुण्याला त्याच्या स्वतःच्या कामाचे आकडे द्यायचे. सामाईक वस्तूंचे द्यायचे नाहीत. त्यातून शेजारी दिसतो."

"आणि शेजारी माझी जागा खात असला तर मला कळणार कसं?" मी म्हटलं. "कंपनीने एका यंत्रात मावत नाहीत एवढे पाहुणे कोंबले तर?"

"त्याला वेगळा आकडा देऊ. तुझी पाळी येईपर्यंत किती ताटकळलीस, तो. तो तुझा स्वतःचा आहे, तो तुला मिळायलाच पाहिजे."

"तो पुरत नाही."

"पुरतो."

"नाही पुरत, इकबाल. ताटकळले ते कळेल, कशामुळे ते नाही कळणार."

हा वाद आपण जेवताना घातला, भाट्याच्या पुलावर उभं राहून घातला, तुझ्या चुलतभावाच्या लग्नात बिर्याणीच्या पंगतीत घातला. तू हटला नाहीस, मीही नाही. एका गोष्टीवर मात्र आपलं पहिल्या दिवसापासून एकमत होतं. जो आकडा द्यायचा नाही, तो मागितला तर यंत्राने सरळ सांगायचं, मिळणार नाही. शून्य दाखवायचं नाही. "शून्य म्हणजे मोजलं आणि काही आढळलं नाही," तू म्हणायचास. "न मोजता शून्य सांगणारा साक्षीदार खोटा."

पुण्याच्या कंपनीने तुझी चाळण घेतली तेव्हा तू पेढे वाटलेस. मी म्हटलं, कंत्राट नीट वाच. तू म्हणालास, साहेब चांगले आहेत. त्यांनी काय केलं ते आपल्याला वर्षभर कळलं नाही. त्यांनी चाळणीची सगळी भोकं बुजवली. पाहुण्याचे स्वतःचे आकडेही बंद, ताटकळल्याचा आकडाही बंद. आणि "मिळणार नाही" च्या जागी शून्य. कारण ते एकेका यंत्रात पाहुण्यांवर पाहुणे कोंबत होते आणि ते कोणाला दिसायला नको होतं. शेजाऱ्यापासून जपायला तू आडोसा बांधलास, त्यांनी तोच ग्राहकाच्या डोळ्यांवर बांधला. आणि कोणी विचारलं की सांगायचे, आमच्या सुरक्षातज्ज्ञांचा नियम आहे. तो तज्ज्ञ म्हणजे तू.

वैशाली आपला जिना चढून आली तो दिवस आठवतो? पावस गावची मुलगी, इथल्या एका पॅथॉलॉजी लॅबचा प्रोग्रॅम तिने लिहिलेला, आणि तो पुण्याच्या त्याच कंपनीच्या यंत्रावर चालत होता. रक्ताचे रिपोर्ट निघायला तासन्‌तास लागायला लागले होते. लांबून आलेली माणसं बाकांवर बसून राहायची आणि शेवटची एसटी चुकेल म्हणून रिपोर्ट न घेताच जायची. कंपनीने डॉक्टरांना कळवलं, आमच्या यंत्रात दोष नाही, आकडे बघा. डॉक्टर वैशालीला म्हणाले, पुढच्या महिन्यापासून येऊ नकोस.

तिने तुझ्यापुढे लॅपटॉप ठेवला. तू नेहमीसारखा मागे टेकलास. मग पुढे वाकलास. तुझा चेहरा मी इतक्या वर्षांत असा झालेला पाहिला नव्हता.

"हा आकडा शून्य?" तू विचारलंस.

"सगळेच शून्य आहेत," वैशाली म्हणाली. "म्हणजे मेमरीचा प्रश्न नाही, असंच ना? म्हणून मी प्रोग्रॅम पहिल्यापासून परत लिहिला. तरी तेच."

"चालू यंत्रात हा आकडा शून्य येऊच शकत नाही," तू म्हणालास. "तुझं काही चुकलेलं नाही. कोणीतरी तुला खोटं सांगतंय. आणि ते माझ्या नावाने सांगतंय."

त्याच संध्याकाळी तू लॅबच्या डॉक्टरांकडे गेलास आणि सगळं सांगून आलास. कंत्राटात लिहिलं होतं, बाहेर काही बोलायचं नाही. तरी बोललास. आठवड्याच्या आत कंपनीने काम काढून घेतलं आणि कोर्टाची धमकी दिली. तुला सांगते, त्या दिवशी मला तुझा जेवढा अभिमान वाटला तेवढा कधी कोणाचा वाटला नव्हता. आपण कामाविना बसलो होतो आणि मी आतून गात होते.

इथे थांबला असतास तर. पण तू म्हणालास, "साहेबांना हे माहीत नसणार. खालच्या कोणीतरी केलंय. मी समोर बसून सांगतो."

"त्यांनीच केलंय," मी म्हटलं.

"एकदा ऐकून तरी घेऊ."

"फोनवर ऐक. तुझं अंग तापलंय."

"पावसाळी ताप आहे गो. उतरेल."

बुरोंडीला मामूच्या शेतात लावणीला उतरला होतास, टाचेला चीर पडलेली असताना. ते मला नंतर अम्मीकडून कळलं. तू गोळ्या खाऊन ताप दाबत होतास आणि थंडी वाजली की इन्व्हर्टरच्या बाजूला खुर्ची ओढून बसायचास. आकडे लपवू नका हे लोकांना सांगायला तू एवढ्या लांब निघालास आणि स्वतःचा थर्मामीटर कोणाला बघू दिला नाहीस. याचा मला राग आहे. साहेबांवर आहे त्याहून जास्त आहे. साहेब परका माणूस.

पुण्याहून परतताना तू हायवेवर हातखंब्याला उतरलास, गाडी गावात येणार नव्हती. मी स्कूटर घेऊन आले. तू चहाच्या टपरीच्या पत्र्याखाली बाकावर बसला होतास, चहा पुढ्यात तसाच. डोळे लालभडक.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"दिवसभर बाहेर बसवलं. मग आत बोलावलं, चहा दिला. माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, इकबाल, शून्य दिसलं की ग्राहक शांत राहतो."

"म्हणजे माहीत होतं."

"पहिल्यापासून." तू हसायचा प्रयत्न केलास. "मी त्यांना निघताना थँक यू म्हणालो, मेधे. सवयीने."

त्यावर मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. टपरीवाला वळून बघायला लागला होता. तू उठलास आणि परत बसलास. पोटऱ्या धरून म्हणालास, पाय चालत नाहीत. "आधी घरी सोड, अम्मी वाट बघतेय." मी घरी नाही सोडलं. सरळ दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तुझे डोळे बघितले, पोटऱ्या दाबल्या, लेप्टो असणार, शेतातल्या घाण पाण्यातून जखमेवाटे येतो तो ताप, म्हणाले, आणि मला विचारलं, इतके दिवस काय करत होतात? मी तुझ्याकडे बघितलं. तू भिंतीकडे बघत होतास.

कोल्हापूरला हलवायच्या आदल्या दिवशी सकाळी तू जरा शुद्धीवर होतास. अम्मी नमाजाला बाजूला झाली होती. तू मला जवळ बोलावलंस. म्हणालास, "त्या सामाईक काउंटरचं. तुझं एक म्हणणं बरोबर होतं."

"कोणतं?"

तेवढ्यात सलाइन बदलायला नर्स आली. तिचं काम होईपर्यंत तुला झोप लागली होती. त्यानंतर तू माझ्याशी बोलला नाहीस. मूत्रपिंडं गेली, मग बाकीचं. कोणतं म्हणणं, इकबाल? मी इतक्या वर्षांत इतकी म्हणणी मांडली. त्यातलं कोणतं? तू माणूस असा होतास की प्रत्येक वाक्य तोलून बोलायचास, आणि नेमकं हेच अर्धं टाकून गेलास.

तुला कब्रस्तानात नेलं तेव्हा मी तुमच्या दारात बायकांमध्ये उभी होते. गल्लीच्या वळणापर्यंत दिसलास. मग पाऊस आला आणि बायका आत गेल्या. अम्मीने मला हाताला धरून आत ओढलं.

शोकसभेनंतर थोड्याच दिवसांत कंपनीचा फोन आला. बाजारात नवे प्रोसेसर आले होते, त्यांतले काउंटर वेगळे, कोणता कोणाचा ते नव्याने लावायला हवं होतं, आणि ते तिथे कोणालाच जमत नव्हतं. कोर्टाची भाषा गेली होती. "मॅडम, इकबालचं अपुरं काम तुम्हीच पुरं करा," साहेब म्हणाले. मी म्हटलं, येते.

वैशालीला बरोबर घेतलं. लॅबच्या डॉक्टरांनी तुझं ऐकून स्वतःचं यंत्र घेतलं होतं, रिपोर्ट वेळेवर निघायला लागले होते, आणि त्यांनी तिला परत बोलावलं होतं. ती गेली नाही. तुझ्या खुर्चीवर बसते आता. मी बसू दिली, आणि पहिल्या दिवशी तिच्यावरही उगाच चिडले.

साहेबांच्या खोलीत बाहेर लावायची पाटी ठेवलेली होती, तुझ्या नावाची. माहितीपत्रकं होती, त्यांवर तुझा फोटो आणि खाली लिहिलेलं, इकबाल सुरक्षा कवच. फोटो त्यांनी कंपनीच्या ओळखपत्रावरून घेतला होता.

मी म्हटलं, "दोनातलं एक करा. एक, इकबालने लिहिली तशी चाळण लावा. पाहुण्याला त्याचे आकडे द्या, बाकीच्या आकड्यांना स्पष्ट नाही म्हणा, शून्य काढा. मग मी फुकट काम करते. नाहीतर त्याचं नाव काढा. पाटीवरून, पत्रकावरून, प्रोग्रॅमच्या प्रत्येक फायलीतून."

"मॅडम, आम्ही तर त्याचा सन्मान..."

"तुम्ही त्याला खोटा साक्षीदार केलंय. वैशाली आणि मी मिळून तुमच्या प्रत्येक ग्राहकाला शून्य कसं वाचायचं ते शिकवू शकतो. कोर्टात जायचं तर तिथेही हेच सांगू."

ते बराच वेळ पेनाशी खेळत बसले. मला वेड्यासारखी आशा वाटत होती. मला वाटत होतं, एवढं झाल्यावर, एक माणूस गेल्यावर, हा शून्य काढेल. तुझ्यासारखी झाले होते मी त्या खोलीत.

"नाव काढतो," ते म्हणाले.

किती सहज. शून्यापेक्षा तू त्यांना स्वस्त पडलास. मी तिथेच बसून राहिले. त्यांच्या माणसाने एकेक फाइल उघडली, माझ्यासमोर तुझी ओळ पुसली. पाटी कोणीतरी कपाटामागे उलटी ठेवली. वैशालीच्या डोळ्यांना धार लागली होती. मी रडले नाही. मला नीट बघायचं होतं.

त्यांचं काम मी केलं नाही. करणारा दुसरा कोणीतरी त्यांना मिळेल, शून्यही तसंच राहील, आणि लोक आपल्याच प्रोग्रॅममध्ये चुका शोधत बसतील. हे मला माहीत आहे. आम्ही दोघी चाळण पहिल्यापासून नव्याने लिहितोय, कोणालाही फुकट वापरता येईल अशी. सामाईक काउंटरचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. वैशाली तुझ्या बाजूने बोलते. मी माझ्या. पण वाद घालताना ती माझ्याकडे बघते, तू बघायचा नाहीस, आणि त्यामुळे मला नीट भांडता येत नाही.

पुण्याहून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मीकडे गेले. ती मागच्या पडवीत कोलंबी सोलत बसली होती. मी समोर बसले आणि सूप ओढून घेतलं. तिने शोकसभेत साहेबांना सलाम केला होता, ते मला अजून दिसत होतं. तिला सांगायला जीभ उचलत नव्हती.

"अम्मी, पुण्याच्या लोकांनी इकबालचं नाव लावलं होतं ना, ते मी काढायला लावलं."

तिचे हात थांबले. "का गो?"

मी सांगितलं. काउंटर, पाहुणे काहीच सांगितलं नाही. सांगितलं की इकबाल लोकांना खरं दिसावं म्हणून झटत होता, त्यांनी त्यावर बोळा फिरवला आणि वर त्याचं नाव चिकटवलं. त्याच्या नावाने खोटं बोलत होते.

"त्याला कळलं होतं हे?"

"म्हणूनच गेला होता पुण्याला. ताप घेऊन."

बाहेर कोणीतरी रेडिओ लावला होता. मग तिने सोललेली कोलंबी धुवायला घेतली, पाणी ओतलं, पुन्हा एकदा ओतलं.

"लोकांची पोरं नाव काढतात तर आया मिरवतात," ती म्हणाली. "मीसुद्धा मिरवले त्या दिवशी. मोहल्ल्यात सांगितलं सगळ्यांना."

"अम्मी..."

"आता काय सांगू त्यांना?"

ती उठली, भांडं चुलीजवळ ठेवलं, ओल्या हातानेच डोळ्यांवरून हात फिरवला. दारात उभी राहून तुझ्या सायकलीकडे बघत राहिली.

"तसंच सांगीन," ती म्हणाली. "माझ्या पोरान नाव काढलान."